स्थलांतरितांचे हक्क आणि नागरी समाज (महाराष्ट्र)

स्थलांतरितांचे हक्क म्हणजे पोटापाण्यासाठी आपले गाव, जिल्हा वा राज्य सोडून दुसरीकडे गेलेल्या व्यक्तीस तेथे राहण्याचा, काम करण्याचा, योग्य मजुरी मिळवण्याचा आणि शिधा, शिक्षण, आरोग्य व मतदान यांचा लाभ घेण्याचा हक्क होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचे, स्थायिक होण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद २१ जीविताचे, तर अनुच्छेद २३ वेठबिगारीविरुद्धचे संरक्षण देतो. प्रत्यक्षात मात्र हे हक्क दोन कारणांनी दुबळे होतात. पहिले कारण राजकीय आहे : ‘बाहेरचे लोक’ हेच स्थानिकांच्या हालअपेष्टांचे मूळ असल्याचा प्रचार. दुसरे प्रशासकीय आहे : बहुतेक सरकारी नोंदी माणूस एकाच ठिकाणी राहतो असे गृहीत धरून केलेल्या असतात. या दोन्हींविरुद्ध कामगार संघटना, वकील, पत्रकार, शिक्षक आणि स्वयंसेवी संस्था यांनी, म्हणजेच नागरी समाजाने, महाराष्ट्रात केलेल्या कामाचा आढावा या लेखात घेतला आहे.

या विषयाची चर्चा बहुधा मुंबईतील उत्तर भारतीयांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. परंतु बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणारे मराठी कुटुंबही स्थलांतरितच असते. या लेखात त्यास मुद्दाम मोठी जागा दिली आहे.

संज्ञा

लोकानुनयवाद ही संज्ञा केवळ लोकांना खूश करणाऱ्या राजकारणासाठी वापरणे अपुरे ठरते. जर्मन राज्यशास्त्रज्ञ यान-व्हेर्नर म्युलर यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात तिचे लक्षण वेगळे सांगितले आहे : ‘खरी जनता’ एकच असून तिचे प्रतिनिधी केवळ आम्हीच, असा दावा करणारे राजकारण. त्याच्या उजव्या आवृत्तीत ही खरी जनता भाषा, धर्म वा वंश यांवरून ठरते आणि स्थलांतरित आपोआप तिच्या बाहेर पडतो. महाराष्ट्रात या विचाराचे रूढ शब्द ‘भूमिपुत्र’ आणि ‘परप्रांतीय’ हे होत. स्थानिकांना रोजगार मिळावा ही मागणी स्वतःहून लोकानुनयवादी नव्हे. ती तशी होते, जेव्हा तिचा रोख कारखानदार, कंत्राटदार वा शासन यांच्याऐवजी शेजारी काम करणाऱ्या मजुरावर येतो.

पार्श्वभूमी

स्थानिक विरुद्ध बाहेरचा हा वाद मराठवाड्यास नवा नाही. धारूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे ‘मुल्की’ नियम लागू होते. १९१९ च्या निजामाच्या फर्मानानुसार सरकारी नोकरीसाठी संस्थानात किमान १५ वर्षांचे वास्तव्य आवश्यक होते. पुण्याहून आलेला मराठी माणूस त्या हिशेबाने गैरमुल्की ठरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे धारूर आणि पुणे एका राज्यात येऊन अजून शतकही झालेले नाही. परका कोण हे ठरवणारी रेषा किती वेळा सरकली आहे, हे यावरून ध्यानी यावे.

१९ जून १९६६ रोजी बाळ ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. मुंबईतील कार्यालयीन नोकऱ्यांमधील दाक्षिणात्यांचे प्रमाण हा तिच्या आरंभीच्या प्रचाराचा मुख्य विषय होता. ९ मार्च २००६ रोजी राज ठाकरे यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली आणि रोख उत्तर भारतीयांकडे वळला. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबई, ठाणे, नाशिक आदी ठिकाणी टॅक्सीचालक व फेरीवाल्यांवर हल्ले झाले, तेव्हा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतून हजारो कामगार गावी परतले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रेल्वे भरतीच्या परीक्षेस आलेल्या उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड पुलावरील चेंगराचेंगरीनंतर रोष पुन्हा फेरीवाल्यांवर निघाला. पूल अरुंद असण्याशी त्यांचा संबंध किती, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

२०२५ मध्ये या प्रश्नास आणखी एक पदर आला. बांगलादेशी घुसखोरांच्या शोधमोहिमेत मुंबई परिसरातून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना सीमेपलीकडे लोटण्यात आले. ते भारतीय असल्याची कागदपत्रे पुढे आल्यावर जूनमध्ये त्यांना परत आणावे लागले. ती कागदपत्रे जमवणे हे काम त्यांची कुटुंबे, गावचे प्रतिनिधी, पश्चिम बंगाल शासन आणि स्थलांतरितांच्या संघटना यांच्या धावपळीतून झाले.

धारूरचा ऊसतोड कामगार

बालाघाटाच्या डोंगररांगेत, घाटमाथ्यावर वसलेला धारूर तालुका पर्जन्यछायेत येतो. जमीन हलकी, सिंचन तोकडे आणि खरिपाचे एकच भरवशाचे पीक. १९७२ च्या दुष्काळानंतर येथून ऊसतोडीस जाण्याचे प्रमाण वाढत गेले. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात येथील कुटुंबे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट भागांत जातात.

या व्यवस्थेचे शब्दच तिचे स्वरूप सांगतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसे मोजली जातात ती हत्याराच्या नावाने. मुकादम पावसाळ्यात ‘उचल’ देतो, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ कर्जाऊ मिळते. कुटुंब ती लग्नकार्यात, दवाखान्यात वा जुने देणे फेडण्यात खर्चते आणि मग सहा महिने फडात राबून फेडते. एखादा दिवस आजारपणात गेला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षी चालू राहते. कारखाना म्हणतो की कामगार मुकादमाचा. मुकादम म्हणतो की दर कारखान्यांच्या संघाने ठरवलेला. मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर कागदावर कोठेच नसते.

कामगार संघटनांनी संप आणि लवाद या मार्गांनी मजुरीचे दर वाढवून घेतले आहेत. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे ही या इतिहासातील ठळक नावे होत. डाव्या कामगार संघटनांनीही येथे दीर्घकाळ काम केले. जानेवारी २०२४ मधील तडजोडीत तोडणीचा दर प्रतिटन सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, म्हणजे सुमारे ३४ टक्के वाढ मिळाली. तरीही दर हा एकच प्रश्न लवादासमोर येत राहिला. कोपीतील राहणे, पाणी, शौचालय, बाळंतपण, मुलांची शाळा हे विषय बोलणीच्या टेबलावर क्वचितच आले. ते पुढे आणले महिला संघटनांनी व शिक्षणक्षेत्रातील संस्थांनी.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून गाजले. मासिक पाळीत वा आजारपणात खाडा परवडत नाही, ही त्यामागची एक कारणमीमांसा होती. खासगी दवाखान्यांची नफेखोरी ही दुसरी. महिला किसान अधिकार मंच व अन्य संघटनांनी हा विषय लावून धरला, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेस जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली, तसेच हंगामापूर्वी व हंगामानंतर आरोग्य तपासणीची शिफारस झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या स्त्रिया कोणत्याही अर्थाने परप्रांतीय नव्हत्या. त्यांच्या दुःखावर भूमिपुत्रांच्या नावाने मोर्चा निघाल्याचे मात्र आढळत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर चालवलेल्या साखरशाळा हा एक महत्त्वाचा प्रयोग होता. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहांचा मार्ग स्वीकारला : आईवडील गेले तरी मूल आजीआजोबांकडे गावात राहावे आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी. दोन्हींच्या बाजूने बोलता येते. साखरशाळेत मूल आईजवळ असते, पण फडाचे कामही जवळच असते. वसतिगृहात शाळा अखंड राहते, पण पाच वर्षांचे लेकरू सहा महिने आईविना काढते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, आणि राज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक देण्याची तरतूद आहे. हे पत्रक भरून मुलाच्या हाती देणारा शिक्षक गावात असला की कायदा चालतो, नसला की नाही.

धारूरजवळील तेलगाव येथून एकनाथ आवाड यांनी ‘मानवी हक्क अभियान’ उभे केले. दलित व भूमिहीन कुटुंबांनी कसलेल्या गायरान जमिनी त्यांच्या नावे व्हाव्यात, हा त्याचा प्रमुख लढा होता. स्थलांतरितांच्या हक्कांची चर्चा करताना हे काम सहसा मोजले जात नाही. वास्तविक, ज्याच्याकडे एकरभर जमीन आहे तो मुकादमाशी बोलताना वेगळ्या स्वरात बोलतो. स्थलांतर न करण्याचा पर्याय हाही हक्काचाच भाग मानला पाहिजे.

शासनाने स्थापन केलेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटन १० रुपये घेण्याची तरतूद झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावे मुलामुलींच्या वसतिगृहांची योजना आली. कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडे सोपवले आहे. नोंदणी हा सर्व योजनांचा पाया असल्याने, कोणत्या गावात किती कोयते नोंदले गेले यावर लक्ष ठेवणे हेच संघटनांचे खरे काम ठरते.

पदपथवासीयांचा खटला

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून आपापल्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. अंतुले काँग्रेसचे होते. बाहेरच्यांना हुसकावून टाळ्या मिळवण्याचा मोह एका पक्षापुरता नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. भर पावसाळ्यात झोपड्या पाडून लोकांना गाड्यांत बसवण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस, प्रफुल्ल बिडवई आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना पदपथवासीयांसमवेत न्यायालयात गेली.

याचिकाकर्त्यांची माहिती निकालपत्रात आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. एकजण तमिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. त्यास कुटुंबासह सेलमच्या गाडीत बसवून दिले, पण काम मुंबईतच असल्याने तो परतला. दुसरा अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचा चर्मकार. गावचे घर पडल्यावर तो मुंबईस येऊन बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने स्थानिक गुंडास ३०० रुपये मोजले. एक दक्षिणेचा, एक मराठी. पालिकेच्या कारवाईपुढे दोघेही सारखेच.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. हे वाक्य पुढे देशभर उद्धृत झाले. मात्र त्याच निकालाने पालिकेचा पदपथ मोकळे करण्याचा अधिकारही मान्य केला. कारवाई ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी करू नये आणि १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, एवढाच प्रत्यक्ष दिलासा मिळाला. तत्त्व जिंकले, झोपडी वाचलीच असे नाही. पुढील काळात गणनेत नाव असणे, पुरावा जपून ठेवणे यावर मुंबईतील संघटनांनी एवढा भर का दिला, याचे उत्तर या निकालात आहे.

कायद्यातील फट

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांविषयी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने केलेल्या याचिकेत, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे अनुच्छेद २३ नुसार वेठच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेथे मजुरांना आणणारे ‘जमादार’ ९ रुपये २५ पैसे या रोजच्या वेतनातून १ रुपया कापून घेत. मुकादमाशी त्यांचे साम्य वेगळे सांगावयास नको.

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ नुसार पाच वा अधिक आंतरराज्य कामगार आणणाऱ्या कंत्राटदारास परवाना आवश्यक होता आणि कामगारास विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता व निवास यांचा हक्क होता. परंतु हा कायदा केवळ राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. परिणामी धारूरची एक टोळी बेळगावला गेली तर कायद्याच्या कक्षेत, आणि तिच्याच भावकीतील दुसरी टोळी कोल्हापूरला गेली तर बाहेर. उसाचे पाचट दोघींच्या हातांना सारखेच कापते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगारासही व्याख्येत घेतले. पण मर्यादा पाचाऐवजी दहा कामगारांची केली आणि राज्यांतर्गत स्थलांतराचा प्रश्न तसाच ठेवला.

या तुलनेत महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा अधिक दूरदर्शी म्हणावा लागतो. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्या चळवळींच्या रेट्यातून तो झाला. त्यानुसार मालक मजुरी व त्यावरील अधिभार मंडळाकडे भरतो आणि कामगार मंडळाकडून पैसे घेतो. तो कोणत्या जिल्ह्याचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. ऊसतोड कामगारांसाठी असेच मंडळ असावे ही मागणी जुनी आहे. उचल कारखान्याने थेट कामगारास दिली, तर मुकादमाचा पगडा बराच सैल होईल.

निवासाच्या अटीही न्यायालयात टिकलेल्या नाहीत. चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या मुंबईतील संघटनेची महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट, आणि स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून प्रवेश नाकारणारा नियम, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये रद्द केला. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण देणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने तसेच विधेयक संमत केले आणि विरोध होताच दोन दिवसांत थांबवले. ते झाले असते तर कर्नाटकात नोकरी शोधणारा मराठी माणूस तेथील ‘परप्रांतीय’ ठरला असता. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटून बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, तेव्हा सीमेपलीकडच्या फडांत मराठवाड्यातील टोळ्या तोडणी करीतच होत्या.

टाळेबंदी, २०२०

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळांवर अडकले. एप्रिलच्या मध्यावर राज्य शासनाने तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार कामगार तळांवर असल्याचे सांगण्यात आले. परराज्यातील मजुरांची सोय याहून उशिरा झाली. ८ मे रोजी जालन्याहून मध्य प्रदेशाकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे रोजी स्वतःहून दखल घेतली. त्यापूर्वी ज्येष्ठ वकिलांनी न्यायालयास पत्र लिहिले होते आणि स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क या स्वयंसेवकांच्या गटाने मजुरांच्या दूरध्वनींवरून मजुरी व धान्याच्या स्थितीचे अहवाल प्रसिद्ध केले होते. २९ जून २०२१ च्या निकालाने सर्व राज्यांना ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना त्याच वर्षी ३१ जुलैपर्यंत लागू करण्याचा आदेश दिला. धारूरच्या शिधापत्रिकेवर कोल्हापुरात धान्य मिळण्याचा मार्ग त्यामुळे पक्का झाला. कोपीपासून रास्तभाव दुकान किती दूर आहे, हा प्रश्न अर्थातच निराळा.

भाषेचा प्रश्न

मराठीचा आग्रह आणि स्थलांतरितांचा द्वेष या दोन गोष्टी एकच नव्हेत. त्या एक मानण्यात दोन्ही बाजूंच्या प्रचारकांची सोय असते. राज्यकारभार, न्यायालये व शाळा यांत मराठी असणे हा मराठी भाषकाचा हक्क आहे, आणि धारूरच्या शेतकऱ्यास तो कोणापेक्षाही अधिक लागतो. परंतु मराठी येत नाही म्हणून दुकानदारास थोबाडीत मारण्याने (मिरा रोड येथे २०२५ मध्ये असे घडले) एकही मराठी शाळा वाचत नाही. रिक्षा परवान्यासाठी मराठीची सक्ती करणारा राज्य शासनाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये रद्द केला होता. याउलट, मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाच्या पुढाकारातून अमराठी भाषकांसाठी ‘मायमराठी’ ही पाठ्यपुस्तके तयार झाली. परकी भाषा शिकवण्याच्या आधुनिक पद्धतीने मराठी शिकवण्याचा तो प्रयत्न आहे. पुण्यामुंबईत बांधकामांवरील मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या ‘डोअर स्टेप स्कूल’सारख्या संस्थांतही अनेक अमराठी मुले मराठी शिकतात. या मार्गाची बातमी होत नाही.

मर्यादा व टीका

नागरी समाजावरही आक्षेप आहेत. स्थानिक बेरोजगार तरुणाच्या प्रश्नाकडे या संस्था दुर्लक्ष करतात, हा त्यातील सर्वांत गंभीर. तो पूर्णतः खोटा नाही. अनेक संस्था शहरी, इंग्रजीतून अहवाल लिहिणाऱ्या आणि प्रकल्प संपला की निघून जाणाऱ्या असतात. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगी कायद्यात दुरुस्ती होऊन मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. यात लहान गावांतील संस्था अधिक भरडल्या गेल्या. हंगेरीने २०१८ मध्ये याहून पुढे जाऊन आश्रयार्थींना अर्ज करण्यास मदत करणे हाच गुन्हा ठरवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो कायदा संघाच्या नियमांविरुद्ध असल्याचे सांगितले.

मतदानाचा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार ‘सामान्यतः रहिवासी’ असावा लागतो. परप्रांतीयाचे मत कामाच्या गावी नसल्याने त्याच्याविरुद्ध बोलण्यात राजकीय तोटा नसतो, आणि ऊसतोड कामगाराचे मत गावी असले तरी तो तेथे नसतो. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक गाळप हंगामाच्या आरंभीच आली. निवडणूक आयोगाने देशांतर्गत स्थलांतरितांसाठी तयार केलेल्या दूरस्थ मतदान यंत्राविषयी १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांशी चर्चा केली. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि त्या विधानसभा निवडणुकीत ते वापरले गेले नाही. मतदानासाठी तळावरून गावी जायचे तर गाडीभाडे कोणी द्यायचे आणि त्या दिवसांचा खाडा लागणार की नाही, हे अजूनही मुकादमच ठरवतो.